किल्केनीत दोन रात्री: सासूबाईंना घेऊन, गाडी न चालवता

प्रश्न थोडक्यात असा: जूनमध्ये मुलाकडे डब्लिनला येतोय, त्याला रजा नाही. आम्ही नवरा-बायको आणि ७४ वर्षांच्या सासूबाई, तिघांनी दोन रात्रींसाठी एखादं जुनं शहर बघून यावं म्हणतो. गाडी चालवणार नाही. तिघंही शाकाहारी. सासूबाई हळू चालतात, पण चालतात. गॉलवे, बेलफास्ट की किल्केनी?

किल्केनी. भारतातून येणाऱ्या छोट्या ग्रुपना आयर्लंड दाखवणं हे माझं गेल्या नऊ वर्षांचं काम आहे. वयस्कर माणूस सोबत, हातात दोन रात्री आणि गाडी नाही, एवढ्या तीन गोष्टी ऐकल्या की मी दुसरं नावच घेत नाही.

बेलफास्ट आधी बाजूला काढू. ते उत्तर आयर्लंडमध्ये आहे, म्हणजे ब्रिटनच्या ताब्यात. वाटेत कोणी पासपोर्ट बघत नाही म्हणून लोक बेधडक जातात. पण भारतीय पासपोर्टवर फक्त आयर्लंडचा व्हिसा असेल आणि त्यावर 'BIVS' (ब्रिटन-आयर्लंडची सामाईक व्हिसा योजना) अशी नोंद नसेल, तर तिथे जाणं बेकायदा आहे. (शेंगेन व्हिसा आयर्लंडलाही चालत नाही, हे जाता जाता सांगून ठेवते.) गॉलवे सुंदर आहे, वाद नाही. पण गॉलवेला गेलेला माणूस समुद्रकाठचे मोहरचे उंच कडे बघितल्याशिवाय परत येत नाही, आणि त्यात एक अख्खा दिवस बसमध्ये जातो. सासूबाईंच्या वाट्याला खिडकी आणि गुडघेदुखी.

किल्केनीचं तसं नाही. बघायचं ते सगळं एका रेषेवर आहे. एका टोकाला कॅथेड्रल, दुसऱ्या टोकाला किल्ला, मध्ये जेमतेम दीड किलोमीटर. थकलात तर खोलीवर या, चहा घ्या, पुन्हा बाहेर पडा. डब्लिनहून सकाळी बसने आणून संध्याकाळी परत नेणाऱ्या सहली पुष्कळ आहेत. मी त्यांच्या विरोधात आहे. त्या बस दुपारी येतात, किल्ल्यापुढे फोटो, एक सँडविच, की निघाल्या. त्या गेल्यावर गाव आपलं होतं. तुम्ही रात्री मुक्काम करणार आहात तो त्यासाठी.

कोणते वार

शुक्रवार-शनिवार नको. लग्नाआधी मैत्रिणींनी किंवा मित्रांनी जमून धिंगाणा घालायचा, अशी इथे रीत आहे, आणि त्यासाठी अख्ख्या देशाचं आवडतं गाव हेच. गुलाबी पट्टे लावलेल्या पंधरा मुली रात्री एक वाजता गात चालल्या आहेत, हे दृश्य एकदा गंमतीचं वाटतं. पहिल्या वर्षी मी ठाण्याच्या एका ग्रुपला भर वस्तीतल्या एका हॉटेलात उतरवलं. खोल्या नेमक्या पबच्या वर निघाल्या. काउंटरवर तक्रार केली तर त्यांनी कानात घालायचे बोळे काढून दिले, म्हणजे साठा करूनच ठेवला होता! तेव्हापासून मी रविवार ते मंगळवार किंवा सोमवार ते बुधवार असे दिवस धरते आणि खोली मागताना 'रस्त्याच्या बाजूची नको' हे लेखी देते. सोमवारी काही छोटी ठिकाणं बंद असतात, तेवढं आधी तपासा. जूनचा पहिला सोमवार तर टाळाच. ती सरकारी सुट्टी असते, तिला जोडून गावात विनोदी कलाकारांचा महोत्सव भरतो आणि खोल्यांचे भाव आभाळाला भिडतात.

जूनचा एक मोठा फायदा म्हणजे रात्री दहापर्यंत उजेड असतो. जेवून फेरफटका मारायला दोन तास सहज मिळतात. डिसेंबरात याल तर सव्वाचारलाच अंधार.

आगगाडी

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून वॉटरफर्डला जाणारी गाडी धरायची. साधारण दीड तासात किल्केनी. तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर स्वस्त पडतं आणि जागेवर नाव येतं. किल्डेअरच्या आसपास मोकळं गवताळ माळरान लागतं, तिथे शर्यतीचे घोडे दिसतात. सासूबाईंना तेवढ्यापुरतं जागं ठेवा.

किल्केनीचं स्टेशन मुख्य मार्गाच्या बाहेर, एका फाट्यावर आहे. गाडी आत येते, थांबते आणि आल्या वाटेने उलटी निघते. दौंडला पूर्वी मनमाडकडे जाताना गाडी तोंड फिरवायची ना, तसंच. हे मुद्दाम सांगतेय, शेवटी त्याचं काम पडणार आहे. स्टेशनवरून जॉन स्ट्रीटने सरळ खाली आलात की नोर नदीवरचा पूल लागतो. पुलावर थांबा. डावीकडे, नदीच्या काठावर, किल्ला उभा असतो. हे दर्शन फुकट आहे आणि माझ्या मते किल्ल्याचं सगळ्यात चांगलं दर्शन हेच.

उलट्या टोकापासून सुरुवात करा

सगळे किल्ल्यापासून सुरू करतात. तुम्ही टॅक्सीने कॅथेड्रलला जा आणि तिथून किल्ल्याकडे चालत या. कारण गाव तिथून सुरू झालं. किल्केनी म्हणजे आयरिश भाषेत 'कॅनिसचं देऊळ'. आधी साधू आले, मग वस्ती झाली, सरदार आणि त्यांचा किल्ला फार नंतर. शिवाय कॅथेड्रल उंचवट्यावर आहे, तिथून निघालं की सुरुवातीला उतार लागतो, हे सासूबाईंच्या सोयीचं. गावातून कॅथेड्रलला जाणारा जुना रस्ता पायऱ्यांचा आहे, तो टाळण्यासाठी टॅक्सीवाल्याला 'कोच रोड' सांगा.

सेंट कॅनिस कॅथेड्रल १३व्या शतकातलं. शेजारचा गोल मनोरा त्याहून जुना, ९व्या शतकाच्या आसपासचा, उंची सुमारे ३० मीटर. आयर्लंडात असे मनोरे बरेच आहेत, पण आतून वर चढू देतात असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आत लाकडी शिड्यांवर शिड्या. अंगावर सॅक असेल तर खांदे दोन्हीकडे घासतात. तुमच्यापैकी एकाने चढावं, दुसऱ्याने खाली सासूबाईंजवळ थांबावं, मग अदलाबदल. वरून पाटीवरचा नकाशा वाचावा तसं सगळं गाव वाचता येतं.

कॅथेड्रलच्या आत किल्ल्याच्या मालकांच्या, म्हणजे बटलर घराण्यातल्या पियर्स आणि त्याची बायको मार्गारेट यांची समाधी आहे. दगडात कोरलेले दोघं शेजारी शेजारी निजलेत, तिच्या डोक्यावर दोन शिंगं असावीत तसं शिरोभूषण. १६५० मध्ये इंग्लंडचा सेनापती क्रॉमवेल याच्या फौजेने गाव घेतलं, तेव्हा या कॅथेड्रलच्या खिडक्या फोडल्या, समाध्या तोडल्या, छप्पर गेलं. समाधीच्या कडांना हात न लावता जवळून बघा, टवके उडालेले दिसतात.

बाहेर पडलात की तुम्ही ज्या भागात आहात त्याचं नाव आयरिशटाउन. आयर्लंडात 'आयरिश' नावाची वेगळी वस्ती कशाला, असं माझ्या ग्रुपमधलं कोणीतरी विचारतंच. पुढे ब्रेगा नावाचा ओढा लागतो. त्याच्या पलीकडे, तटाच्या आत, इंग्रज आणि नॉर्मन (मूळचे फ्रान्सहून इंग्लंडात आलेले) वसाहतवाल्यांचं गाव होतं. अलीकडे मूळचे लोक. पण दोन-तीन पिढ्यांत पलीकडचे लोक अलीकडच्यांची भाषा बोलायला लागले, मुली करायला लागले, त्यांचे खेळ खेळायला लागले. तेव्हा १३६६ मध्ये इथेच संसद भरवून कायदा केला: वसाहतवाल्यांनी आयरिश लोकांशी लग्न करायचं नाही, त्यांची भाषा बोलायची नाही, काठी-चेंडूचा त्यांचा खेळ खेळायचा नाही. आणि हा कायदा लिहिला कुठल्या भाषेत? फ्रेंचमध्ये.

त्या खेळाचं नाव हर्लिंग. अ‍ॅश झाडाच्या लाकडाची चपट्या तोंडाची काठी, कातडी शिवणीचा छोटा चेंडू. विटी उडवून टोलावी तसा चेंडू हवेत उडवतात आणि धावता धावता हाणतात. ज्या गावातून बंदीचा हुकूम निघाला त्याच किल्केनीने २०१५ मध्ये अखिल आयर्लंड अजिंक्यपद छत्तिसाव्यांदा जिंकलं. एवढं दुसऱ्या कुठल्याही काउंटीला जमलं नव्हतं. दुकानांवर, खिडक्यांवर काळे-पिवळे झेंडे दिसतील ते त्यांचेच. संध्याकाळी शाळकरी पोरं काठी खांद्यावर टाकून घरी जाताना दिसतात, आपल्याकडे बॅट असते तशी.

भिक्षूने सोडलेली कोरी पानं

ब्लॅक अ‍ॅबे वाटेतच आहे. १२२५ चा डोमिनिकन मठ, आजही चालू. पांढऱ्या झग्यावर काळी घोंगडी घेणारे भिक्षू, म्हणून 'काळा' मठ. आत रंगीत काचांची प्रचंड खिडकी आहे. दुपारी ऊन असेल तर आत बसा. पंधरा मिनिटं पुरेत, तिकीट नाही.

त्याहून मला जवळचा वाटतो तो नदीकडचा सेंट फ्रान्सिसचा मठ. आता नुसते अवशेष आहेत. कित्येक पिढ्या ते दारूच्या कारखान्याच्या आवारात अडकले होते. १७१० मध्ये सुरू झालेली स्मिडिक्सची बिअर इथली. नावात टीएच आणि डब्ल्यू आहे, पण उच्चार स्मिडिक्सच करा. तो कारखाना २०१३ च्या शेवटी बंद झाला. या मठात जॉन क्लिन नावाचा भिक्षू होता. १३४८-४९ मध्ये युरोपभर प्लेगची साथ आली, ती इथेही आली, आणि आजूबाजूची माणसं मरत असताना तो नोंदी लिहीत राहिला. शेवटी त्याने लिहिलं की मागे कोणी जिवंत राहिलाच तर त्याने हे काम पुढे न्यावं म्हणून कोरी पानं ठेवून जातोय. त्यापुढे दुसऱ्या कोणाच्या तरी हातची एक नोंद आहे: लेखक इथे वारला असावा. २०२० नंतर ही गोष्ट मी जिथे जिथे सांगितली, तिथे कोणी लगेच फोटो काढायला धावलं नाही.

रोथ हाउस, म्हणजे वाडाच

एकच वास्तू आतून बघायची असेल तर कुठली, असं विचारलंत तर किल्ल्याच्या आधी मी रोथ हाउस सांगेन. पार्लमेंट स्ट्रीटवर आहे. जॉन रोथ नावाच्या व्यापाऱ्याने १५९४ मध्ये रस्त्याला लागून घर बांधलं. मुलंबाळं वाढली, तसं मागे चौक सोडून दुसरं, मग आणखी एक चौक सोडून तिसरं. तिसरं १६१० मध्ये पूर्ण झालं. पुढे दुकान, आत कुटुंब, मागे विहीर आणि बाग. पुण्यातल्या किंवा वाईतल्या दुचौकी वाड्यात वाढलेल्या माणसाला इथे कोणी काही समजावून सांगायला लागत नाही. सदाशिव पेठेत बालपण गेलेल्या एक आजी माझ्याबरोबर होत्या. त्या दुसऱ्या चौकात थांबल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "धुणं कुठे वाळत घालत असतील?" गाइडकडे उत्तर नव्हतं!

मागची बाग लांब आणि अरुंद, थेट जुन्या तटापर्यंत जाते. १७व्या शतकात असत तशा भाज्या, फळझाडं आणि औषधी वनस्पती लावून ती पुन्हा उभी केली आहे. बाकावर बसा. घाई करू नका.

अ‍ॅलिस आणि पेट्रोनिला

सेंट कियरन स्ट्रीटवर 'कायटलर्स इन' आहे. चेटकिणीचं घर म्हणून त्याची जाहिरात जोरात चालते. हकीकत अशी: अ‍ॅलिस कायटलर ही इथली श्रीमंत बाई, एकामागून एक चार नवरे झाले. सावत्र मुलांना मालमत्तेचा वाटा हवा होता, बिशपला धाक बसवायचा होता. १३२४ मध्ये तिच्यावर जादूटोण्याचा आरोप ठेवला. बाईंच्या ओळखी मोठ्या, त्या वेळेत निसटल्या आणि पुन्हा कोणाला दिसल्या नाहीत. मागे राहिली तिची मोलकरीण, पेट्रोनिला. तिला फटके मारून कबुलीजबाब घेतला आणि ३ नोव्हेंबर १३२४ ला भर गावात जिवंत जाळलं. पाटीवर नाव मालकिणीचं आहे. मी गोष्ट सांगताना पेट्रोनिलापासून सुरू करते.

तिथून हाय स्ट्रीटवर यायला 'बटर स्लिप' नावाचा बोळ आहे, पायऱ्या-पायऱ्यांचा, दोन माणसं जेमतेम मावतील एवढा. पूर्वी इथे लोण्याचे विक्रेते बसत.

आणि पाऊस आला (येणारच) तर चिडू नका, खाली बघा. इथला दगड काळा चुनखडीचा, घासला की संगमरवरासारखा चकाकतो, म्हणून या गावाला 'मार्बल सिटी' म्हणतात. सुक्यात तो नुसता राखाडी दिसतो. ओला झाला की काळाभोर होतो आणि त्यात पांढरे शिंपले, पोवळ्यांचे गोल, वाकड्या रेघा उमटतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी हा सगळा भाग उथळ उबदार समुद्राखाली होता, त्यातले ते जीव. जुन्या पायऱ्या, उंबरे, खिडक्यांच्या चौकटी, जिथे हा दगड दिसेल तिथे बोटाने पाणी लावून बघा. सासूबाईंना तर मनोऱ्यापेक्षा हेच आवडेल, पैज लावते.

छत्री मात्र नको. वाऱ्यात ती उलटी होते. टोपीचं जाकीट आणा.

किल्ला दुसऱ्या दिवशी, सकाळी

दार उघडताच जा, बस यायच्या आत. किल्ला म्हटल्यावर सिंहगड डोळ्यांसमोर आणू नका. दगडी किल्ला विल्यम मार्शल या नॉर्मन सरदाराने १३व्या शतकाच्या सुरुवातीला बांधला हे खरं. पण १३९१ मध्ये बटलर घराण्याने तो विकत घेतला आणि १९३५ पर्यंत राहून राहून त्याचा राजवाडा केला. आत गालिचे, भिंतींवर कापड, झुंबरं. चार बुरुजांपैकी तीन उरलेत. चौथी बाजू पडली ती पुन्हा बांधलीच नाही, त्यामुळे किल्ला बागेकडे हात पसरून बसल्यासारखा वाटतो.

बटलर हे आडनाव आपल्याकडच्या फडणीस-चिटणिसांसारखं, हुद्द्यावरून पडलेलं. मूळ पुरुष थिओबाल्ड वॉल्टर हा १२व्या शतकाच्या शेवटी राजाचा 'मुख्य बटलर' झाला, म्हणजे मद्याचा कारभारी. आयर्लंडात उतरणाऱ्या वाइनवरचा कर या घराण्याकडे असे. साडेपाचशे वर्षं नांदले, मग खर्च झेपेना. १९३५ मध्ये घरातल्या चीजवस्तूंचा लिलाव झाला, कुटुंब निघून गेलं, आणि १९६७ मध्ये शेवटी किल्ला गावाला देऊन टाकला. किंमत ५० पौंड. सरकारने नंतर लिलावात गेलेल्या वस्तू जमतील तशा परत आणल्या.

चित्रांचं लांब दालन शेवटी येतं. तिथे चित्रांपेक्षा आधी छत बघा, लाकडी तुळयांवर रंगवलेली नक्षी आहे. आत जिने आहेत, सासूबाईंसाठी लिफ्टची चौकशी आधी फोनवर करून ठेवा. ज्येष्ठांना तिकिटात सवलत मिळते. गुलाबांची बाग आणि मागचं मैदान सगळ्यांना मोकळं आहे. समोरच्या जुन्या तबेल्यांत हस्तकलेची दुकानं आहेत. १९६०च्या दशकात सरकारने कारागिरांसाठी इथे कार्यशाळा काढल्या, आयर्लंडच्या आधुनिक डिझाइनची सुरुवात तिथली. मातीची भांडी सुंदर आहेत, पण विमानात वजन तुमचं.

दुपारी हौस असेल तर टॅक्सी ठरवून वीसेक किलोमीटरवरचा जेरपॉइंटचा मठ बघा. १२व्या शतकातला, ओवरीच्या खांबांवर कोरलेली माणसं, सगळं सपाट जमिनीवर. परतीची वेळ त्याच टॅक्सीवाल्याशी पक्की करा, तिथे उभं राहून टॅक्सी मिळत नाही. डनमोरची गुहा लोक सुचवतील. पायऱ्या फार, सोडा.

खाणं

दुपारी भाज्यांचं सूप आणि तपकिरी सोडा ब्रेड. सूप 'व्हेजिटेबल' असलं तरी ते कोंबडीच्या पाण्यात शिजवलंय का, हे दर वेळी विचारा. कोणी वाईट मानत नाही. बहुतेक पबमध्ये स्वयंपाकघर नऊच्या सुमाराला बंद होतं, आपल्या सवयीने साडेनऊला गेलात तर चिप्सवर भागवावं लागेल. गावात भारतीय हॉटेलं आहेत, पण पहिल्या रात्री नको. पहिल्या रात्री लवकर जेवून एखाद्या पबमध्ये कोपऱ्यातलं टेबल धरा, जिथे फिडल-बासरीवाले बसतात. काही प्यायलाच पाहिजे असं नाही, सासूबाईंना चहासुद्धा मिळेल, दुधाचा छोटा जग वेगळा ठेवून.

आता परतीची गाडी. स्टेशन फाट्यावर असल्यामुळे डब्लिनची आणि वॉटरफर्डची, दोन्ही गाड्या एकाच दिशेने निघतात. 'आलो त्याच्या उलट दिशेची' असा हिशेब इथे चालत नाही. चार वर्षांपूर्वी मी स्वतः, नऊ माणसं आणि अकरा बॅगा घेऊन, भलत्या गाडीत चढले आणि सगळ्यांना टॉमसटाउनला उतरवून प्लॅटफॉर्मवर चिवडा वाटत बसले. बोर्डावरचं नाव वाचून चढा.